हिशेब येणारा माणूस आणि हिशेब दाखवणारा माणूस

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत शेवटचा विषय आहे तालुकावार कापूस विक्री समिती निवडण्याचा. शेवटचा विषय म्हणजे घाईचा विषय. गाडीची वेळ झालेली असते, घरी बैल-म्हशी वाट पाहत असतात. कुणीतरी एक नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात. मग वर्षभर आपण त्याच नावाने बोटे मोडतो. म्हणून तो विषय मी आधीच काढतो आहे.

नावे सुचवताना आपण एकच प्रश्न विचारतो, हुशार कोण आहे? जिनिंगवाल्याशी बोलता येते कोणाला, कागद वाचता येतो कोणाला, साहेबासमोर कोण दबत नाही. हा प्रश्न चुकीचा नाही. अंगात गुण नसलेला सज्जन माणूस निवडून आपण हात पोळून घेतलेले आहेत. कापसात ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर सीसीआय पूर्ण दर देते, त्याच्यावर 12 टक्क्यांपर्यंत दर कापते आणि 12 च्या वर कापूस घेतच नाही. हे ज्याला माहीत नाही, सकाळच्या दवात वेचलेला कापूस तसाच गाडीत भरू नये हे जो सांगू शकत नाही, तो कितीही देवमाणूस असला तरी आपली गाडी केंद्रावरून परत आणील. तेव्हा गुण पाहिजेच. मी स्वतः शेतीची पदवी घेतलेला माणूस आहे, शिक्षणाला नावे ठेवायला इथे उभा राहिलेलो नाही.

पण हुशारी असूनही काम बुडते, आणि हे मी स्वतः बुडवून शिकलो आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

साल 2014. मी तेव्हा नोकरीत होतो आणि काही गावांना पिकाचा सल्ला देत होतो. जूनच्या सुरुवातीला एक बरी सर आली. कपाशीची पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, हा नियम मला पाठ होता. पण लोक अधीर झाले होते, बियाणे घरात येऊन पडले होते, आणि मलाही वाटले की आपण ठाम बोललो तर लोक आपल्याला मानतील. मी म्हणालो, लावा. लोकांनी लावले. त्यानंतर पावसाने जी दडी मारली ती तुम्हाला सर्वांना आठवत असेल. उगवलेले कोंब मातीतच करपले. एकरी दोन-दोन पाकिटे गेली, मजुरी गेली, दुबार पेरणी कपाळी आली.

चूक तर झालीच होती. पण त्यापुढे मी जे केले ते जास्त वाईट होते. तीन आठवडे मी त्या गावाला गेलोच नाही. लाज वाटत होती. शेवटी गेलो तेव्हा एक म्हातारी बाई पारावर बसली होती. ती म्हणाली, "पाणी काही तुमच्या हाती नव्हतं, भाऊ. पण तुम्ही याले पाहिजे होतं. आम्ही का खाऊन टाकलं असतं तुमाले?"

सल्ला चुकला म्हणून गावाने मला टाकले नव्हते. शेतकऱ्याला चूक समजते, कारण दरवर्षी तो स्वतः आभाळावर पैज लावतो. चुकल्यावर मी तोंड लपवले, ते मात्र त्यांच्या मनात राहिले. पुढची दोन वर्षे त्या गावात माझा बरोबर सल्लासुद्धा कोणी ऐकला नाही.

दुसरी गोष्ट गुलाबी बोंडअळीची. 2017 साली या अळीने आपल्याला कसे मारले ते सांगायला नको. तिचा उपाय काय, हे आज इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. डिसेंबरनंतर कपाशी रानात ठेवायची नाही, फरदड घ्यायची नाही, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचून ठेवायच्या नाहीत, कामगंध सापळे लावायचे. माहितीची उणीव कुठेच नाही. पण ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, आणि गावात चार रानांत जरी फरदड उभी राहिली तरी तिचा संसार पुढच्या हंगामापर्यंत चालतो. म्हणजे हे काम एकट्याचे नाही, साऱ्या गावाचे आहे. ज्वारीचेही तसेच. गावात एकट्यानेच ज्वारी पेरली तर साऱ्या शिवाराची पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात.

एका गावात गटाच्या प्रमुखाने फरदड मोडण्यावर फार चांगले भाषण केले. मीच त्याला मुद्दे लिहून दिले होते. कोरडवाहूवाल्यांनी ऐकले, पऱ्हाट्या उपटल्या. जानेवारीत मी त्या गावाला गेलो तर प्रमुखाच्या स्वतःच्या विहिरीवरच्या दोन एकरांत हिरवीगार कपाशी उभी. त्याला विचारले तर म्हणाला, "अजून एक वेचा निघतो हो, सोडवत नाही." पुढच्या वर्षी त्या गावात एकानेही वेळेवर पऱ्हाटी मोडली नाही. ज्यांच्याकडे विहीर नव्हती ते म्हणाले, त्याग करायला आम्ही आणि वेचायला तो, हे कसे चालेल?

शरद जोशींच्या शब्दावर लोक रस्त्यावर का बसले, याचा विचार करा. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून या माणसाने आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. शेती तोट्यात का जाते, हा हिशेब त्यांनी स्वतःच्या रानात नांगर घालून मांडला. त्यांची अर्थशास्त्राची जाण मोठी होतीच. पण तोटा त्यांनी स्वतः सोसला आहे हे लोकांना दिसत होते, म्हणून ती जाण लोकांना पटली.

आता तिसरी गोष्ट. एका गटाचा सचिव व्यवहारात फार तरबेज होता. त्याने गावचा कापूस एकत्र केला, प्रत वेगळी केली, कवडी बाजूला काढायला लावली आणि खेडा खरेदीपेक्षा क्विंटलमागे शंभर-सव्वाशे रुपये जास्त मिळवले. सगळे खूश. चुकारे वाटताना त्याने भाडे, हमाली आणि तोलाई मिळून एक रक्कम कापली. कुणीतरी विचारले, पावत्या कुठे आहेत? त्याला राग आला. म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" झाले. पारावर कुजबुज सुरू झाली. पुढच्या हंगामात निम्म्या लोकांनी कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला घातला आणि गट मोडला.

पुढे मी त्याच्याकडच्या पावत्या पाहिल्या. हिशेब पैशापैशाने बरोबर होता. त्याने एक रुपया खाल्लेला नव्हता. तो कागद भिंतीला चिकटवला असता तर गट आज उभा असता. ज्यांनी एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यासाठी खेटे घातले आहेत, त्यांच्या मनात दुसऱ्याच्या हातातल्या पैशाबद्दल धाकधूक असणारच. तो आपल्या माणसांचा दोष नाही, अनुभव आहे. पुढारी मनातून प्रामाणिक आहे हे आपल्याला कसे कळणार? त्याने दाखवले तरच कळणार.

मोठ्या लढाईतही हाच नियम लागतो. बारडोलीचे नाव तुम्ही ऐकले असेल. गुजरातेतला सुरत जिल्ह्यातला हा तालुका, जमीन आपल्यासारखी काळी आणि पिके आपलीच, कापूस आणि ज्वारी. सरकारने तिथला शेतसारा वाढवला. आधी 30 टक्के सुचवला होता, तो शेवटी 22 टक्के केला. लोक वल्लभभाई पटेलांकडे गेले. वल्लभभाई नाणावलेले बॅरिस्टर, कायदा त्यांच्या जिभेवर. पण फेब्रुवारी 1928 मध्ये पहिल्या भेटीत त्यांनी लढा पुकारला नाही. आधी प्रश्न विचारले. जमीन जप्त होईल, जनावरे नेतील, तेव्हा टिकाल का, असे विचारले. लोकांना विचार करायला वेळ दिला आणि मधल्या दिवसांत गव्हर्नरला पत्र लिहिले. दाद मिळाली नाही तेव्हाच 12 फेब्रुवारीला सारा न भरण्याचा ठराव झाला.

पुढे म्हशी जप्त झाल्या, जमिनी लिलावात निघाल्या, माणसे जनावरांसकट घराला कुलूप लावून आत बसली. पण तालुका फुटला नाही. एक कारण असे की किंमत किती पडणार हे लोकांना पहिल्या दिवशीच सांगितलेले होते. दुसरे, तिथले बरेच कार्यकर्ते लढ्याच्या कितीतरी आधीपासून त्या भागात राहून खादीचे, शिक्षणाचे, दारूबंदीचे काम करत होते. तिसरे, लढ्याची बातमी पत्रिका छापून गावोगाव पोहोचत होती. हुशारीही तिथे कामाला आली. सरकारी आकडे कुठे कच्चे आहेत हे नरहरी परीख यांच्यासारख्या माणसांनी बारकाईने दाखवून दिले. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांच्याच चौकशीत 22 टक्क्यांची वाढ सुमारे 6 टक्क्यांवर आली. आकडे मांडणारे होते म्हणून वाढ खाली आली. पण आकडे मांडायची वेळ येईपर्यंत लोक टिकले ते विश्वासावर.

म्हणून भावांनो, बहिणींनो, संध्याकाळी नाव सुचवाल तेव्हा हुशार कोण हे जरूर विचारा. त्याच्या जोडीला हे चार प्रश्न विचारा. फायद्याबरोबर धोकाही हा माणूस आधी सांगतो का? जे दुसऱ्याला सांगतो ते स्वतःच्या रानात करतो का? न मागता हिशेब दाखवतो का? आणि चुकला तर दुसऱ्या दिवशी पारावर येऊन उभा राहतो का?

एवढ्यावर भागणार नाही, कारण चांगला माणूसही एकटा सोडला की बिघडतो. म्हणून माझ्या चार सूचना आहेत. काट्यावर समितीचा एक आणि गावाचा एक, असे दोघे हजर असावेत आणि ओलाव्याचा आकडा कापूस देणाऱ्यासमोर वाचला जावा. विक्रीचा हिशेब, भाडे-हमालीच्या पावत्यांसकट, चुकारे वाटायच्या दिवशीच भिंतीवर लागावा. समितीच्या सभासदांचा कापूस त्याच गाडीत आणि त्याच दराने जावा, त्यांच्यासाठी वेगळा सौदा नको. आणि पावती मागणाऱ्याला कोणी "विश्वास नाही का" असे विचारू नये. पावती मागणारा माणूस आपल्या गटाचा राखणदार आहे.

त्या म्हातारीच्या गावी मी आता दर पंधरवड्याला जातो. बातमी चांगली असो की वाईट, जातो. गेल्या वर्षी तिच्या मुलाने त्याचा सगळा कापूस गटाच्या गाडीत घातला. घालण्याआधी त्याने पावत्या मागितल्या, आणि मला बरे वाटले.

संध्याकाळी घाई करू नका. एक गाडी चुकली तरी चालेल.