क्रोटनची जात कशी ओळखावी?

इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी आहेत. तरीही ही सात मजली वास्तू एकच आहे, याविषयी कोणास शंका येत नाही. घराच्या अंगणात वा गच्चीवर कुंडीत वाढणाऱ्या क्रोटनविषयी मात्र तशी खात्री राहत नाही. शेंड्याची पाने हिरवी-पिवळी आणि बुंध्याकडची तांबडी दिसली, की पाहणारा गोंधळतो.

पहिला घोळ नावाचाच. लिनियसने १७५३ साली या झाडाची गणना क्रोटन वंशात केली. पुढे शास्त्रज्ञांनी ते कोडियम या निराळ्या वंशात घातले. बागवानांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. खऱ्या क्रोटन वंशात आपला जमालगोटा मोडतो. त्याचे बी तीव्र रेचक व विषारी असते. बागेतील क्रोटन त्याच एरंड कुळातला. पण तो औषध म्हणून घेण्याजोगा नव्हे. त्याच्या चिकानेही कातडीस दाह होतो.

मलाया, इंडोनेशिया व पॅसिफिक महासागरातील बेटे ही या झाडाची मूळ भूमी. आज त्याच्या शेकडो जाती आहेत. त्या ओळखताना प्रथम रंगाकडे नव्हे, तर पानाच्या आकाराकडे पाहावे. पान रुंद आहे की गवतासारखे अरुंद, कडा सरळ आहेत की खंडित, पाते पिळवटलेले आहे काय, हे पाहावे. काही जातींत पाते मध्येच तुटते, नुसती शीर पुढे जाते आणि तिच्या टोकाशी पुन्हा लहानसे पाते लोंबते. ही खूण सहसा फसवीत नाही.

त्यानंतर रंग शिरांवर आहे, ठिपक्यांत आहे की पट्ट्यांत, हे पाहावे. त्यासाठी पान जून झालेले असावे, कारण कोवळ्या पानाचा रंग वयाबरोबर पालटतो. सावलीत ठेवलेले झाड हिरवट पडते. तेवढ्यावरून जात बिघडली असे समजून ते उपटून टाकणे हा अन्याय होय. त्यास हळूहळू उजेडात आणावे, म्हणजे नव्या पालवीत रंग उमटू लागतो.

बियांपासून उगवलेली रोपे मूळ झाडासारखी निपजतीलच असे नाही. यास्तव आवडलेली जात राखावयाची असेल, तर फाटे कलम किंवा गुटी हाच मार्ग. एखाद्या फांदीवर अचानक निराळाच रंग फुटला, तर तिचेही कलम करावे. कित्येक जातींचा जन्म असाच झाला आहे.