घेण्याचा काटा, देण्याचा काटा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



व्यापाऱ्याचा घेण्याचा काटा वेगळा आणि देण्याचा वेगळा निघाला तर आपण काय करतो? काटा बंद पाडतो. आज मोबाईलवरच्या राजकीय बोलण्याचा काटा तपासायचा आहे, आणि तो आपल्याच हातात आहे.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी निघाला. ११ तारखेला तो मुलुंड, घाटकोपरवरून सोमय्या मैदानावर पोचला. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून थकलेली माणसे त्याच रात्री पुन्हा चालली आणि आझाद मैदान गाठले. फोडांनी सोललेल्या पायांची छायाचित्रे मोबाईलवर फिरली. मुंबईकर पाणी, खाणे, चपला घेऊन धावले. पण वनजमिनीची मागणी समजून न घेता या माणसांना माओवादी ठरवणारेही निघाले. आपल्याला संताप आला. यायलाच हवा होता.

आता दुसरे पारडे पाहा. सप्टेंबर २०२० मध्ये कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यावरचे व्यंगचित्र पुढे पाठवले. शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना घराखाली गाठून मारले. चित्र रुचले नाही तर शब्दाने उत्तर द्यावे. मुख्यमंत्र्यावरच्या चित्राला मार मिळत असेल, तर उद्या कापसाच्या भावावर बोलणाऱ्यालाही तोच मिळेल. मग पक्ष कोणताही असो.

पण बोट दुसऱ्याकडेच नको. एका हंगामात ‘सरकारने दगा दिला, कापसाची खरेदी बंद’ असा निरोप आला. मीही रागाच्या भरात तो न तपासता पुढे ढकलला. केंद्र चालू होते. काही जणांनी घाबरून पडेल भावाने माल घातला. राग खरा होता, निरोप खोटा होता, आणि नुकसान आपल्याच माणसांचे झाले.

ज्वारी पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. निरोपाचीही तशीच परीक्षा घ्या. बातमी कोठून आली? टीका कामावर आहे, की जातीवर, धर्मावर, घरातल्या बाईमाणसावर? तो माणूस समोर बसला असता तर हेच बोललो असतो का? आणि आपल्या पुढाऱ्याबद्दल कोणी असेच लिहिले असते, तर चालले असते का?

याचा अर्थ मवाळ बोला असा नाही. सरकार कोणाचेही असो, धोरण लुटीचे असेल तर त्याला लूटच म्हणा. पण आकड्यानिशी आणि स्वतःच्या नावानिशी म्हणा. चूक निघाली तर ज्या गटावर निरोप टाकला, त्याच गटावर दुरुस्ती टाका.

आपल्याजवळ ना सत्ता, ना पैसा. शब्दाची पत तेवढी आहे. ती गेली, तर खरा उत्पादनखर्च मांडूनही कोणी ऐकणार नाही. म्हणून घ्यायला आणि द्यायला काटा एकच ठेवू या.