घरचं एक बोलायचं राहिलं होतं
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांत पाण्याचे टँकर, गच्चीची गळती, मेंटेनन्सची थकबाकी यांवर मी जनरल बॉडीत भरपूर बोललोय. आज घरचं बोलतो. सौ.ला आणि मुलाला विचारूनच बोलतोय.

आपण मुर्ध्याला राहायला आलो, त्याच वर्षी आमच्या मुलाला स्किझोफ्रेनिया झाल्याचं निदान झालं. तेव्हा तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं त्याला वाटे, नसलेले आवाज ऐकू येत. आम्ही आधी गंडेदोरे केले. लोकांना 'तो गावी असतो' असं सांगितलं आणि खिडक्या लावून घेतल्या. सौ.चं हळदीकुंकवाला जाणं सुटलं. मी बदलीच्या भीतीने प्रमोशन नाकारलं. रात्री आम्ही दोघं एकमेकांना दोष देत बसायचो.

2004 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. अतुल कुलकर्णींचं काम पाहून सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपल्याच घरातलं!" पुढे कळलं, डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हाच आजार होता आणि त्यातूनच त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथल्या स्वमदत गटात आम्ही जाऊन बसलो. आमच्यासारखेच आईबाप समोर बघून पहिल्यांदा मोकळे रडलो.

तिथून काही गोष्टी घेऊन आलो. हा आजार आईबापांच्या चुकीने होत नाही. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि सांभाळणाऱ्यानेही विश्रांती घ्यायची. तेव्हापासून आमच्या पाळ्या आहेत. सकाळी मी घरी, सौ. भजनाला, संध्याकाळी ती घरी, मी राईपर्यंत फेरी मारून येतो.

बँकेतला माणूस आहे, म्हणून दोन कामाच्या गोष्टी सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. अडचणीच्या वेळी 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर चोवीस तास फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.

आता आमची खरी काळजी एकच: आमच्यामागे त्याचं कोण? मृत्युपत्र केलंय, नॉमिनेशन केलंय, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय. पण माणसाचा आधार कागदावर लिहून ठेवता येत नाही.

म्हणून एक विनंती. तो रोज साडेसहाला दूध आणायला खाली उतरतो. त्याला नावाने हाक मारा. 'काय रे, आज उशीर झाला?' एवढं विचारा. उत्तर द्यायला तो वेळ घेतो, तेवढं थांबा. आणि तुमच्याही घरात असं काही असेल, तर आमचं दार वाजवा. चहा तर मिळेलच, आणि आता आमच्या खिडक्याही उघड्या असतात.