एका सहीचा हुकूम

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहिणारा माणूस. पोटासाठी कारकुनी केली, पदवी बी.ए.ची. अशा माणसानं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हुकमांवर बोलावं, हे ऐकून आमच्या कट्ट्यावरचे मित्र हसले. हसू द्या. हा विषय एके दिवशी पहाटे आमच्याच घरात शिरला, तेव्हापासून त्यानं माझी पाठ सोडलेली नाही.

२० सप्टेंबर २०२५, शनिवार. मिरजेला माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी लग्नाची गडबड. दारात मांडव, अंगणात भाड्यानं आणलेली डेगची, पाहुण्यांचे बिछाने. रविवारी दुपारी तिच्या मधल्या मुलाचा निकाह. थोरला मुलगा न्यू जर्सीत संगणक अभियंता आहे, एच-वन-बी व्हिसावर. भावाच्या लग्नासाठी तो आठच दिवसांपूर्वी आला होता. पहाटे त्याचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. शुक्रवारी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका कागदावर सही केली होती. त्या व्हिसावर बाहेरून देशात येणाऱ्या माणसामागे त्याच्या मालकानं एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे ८८ लाख रुपये, भरायचे. अंमल रविवारी तिथल्या मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटापासून. आपल्याकडे सकाळी साडेनऊ. कंपनीचा निरोप आला, 'मिळेल त्या विमानानं परत या.'

हिशेब कुणीही करावा. मिरजेहून मुंबई सात-आठ तास, पुढं विमानाचे पंधरा-सोळा तास. वेळेत पोहोचणं जवळपास अशक्य. तरी पोरगा निघाला. बहिणीनं डब्यात काय काय भरलं ते मी पाहत होतो. गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि ती माझ्याकडं वळून म्हणाली, "भाईजान, एका माणसाच्या सहीनं एवढं कसं काय होतं?"

मला उत्तर येत नव्हतं. मग मी वाचायला बसलो. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनातलं.

आधी एक घोटाळा दूर करू. आपण अशा कागदाला सरसकट 'वटहुकूम' म्हणतो. आपल्याकडचा वटहुकूम घटनेच्या १२३व्या कलमाखाली निघतो, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं निघतो, आणि संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तिनं मान्यता दिली नाही तर आपोआप मरतो. अमेरिकी अध्यक्षाच्या कार्यकारी आदेशाला असं ठरलेलं मरण नाही. त्यातच तारीख घातली नसेल तर कुणी रद्द करेपर्यंत तो जगतो. त्यातून नवा कायदा जन्मत नाही. असलेले कायदे राबवताना सरकारी खात्यांनी कसं वागायचं, एवढंच तो सांगतो. कचेरीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला तो जीआरचा थोरला भाऊ वाटतो. 'याद्वारे पूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे' हे वाक्य मी किती वेळा टंकलिखित केलं असेल, मोजदाद नाही. तिथंही तसंच चालतं, फक्त कागद जगभर फिरतो.

गंमत अशी, की अमेरिकेच्या घटनेत 'कार्यकारी आदेश' हा शब्दच नाही. कार्यकारी सत्ता अध्यक्षाकडे राहील, आणि कायदे निष्ठेनं अमलात येतील याची काळजी त्यानं घ्यावी, एवढंच लिहिलं आहे. त्या 'काळजी'च्या पोटातून हजारो आदेश निघाले. एकट्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बारा वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक काढले. आदेश, उद्घोषणा, ज्ञापन अशी त्यांची वेगवेगळी नावं आहेत. वकील त्यांतला फरक सांगतील. ज्याच्या दारात तो कागद येतो, त्याला फरक कळायला सवड नसते.

यातला सर्वांत थोर कागद लिंकन यांचा. १ जानेवारी १८६३. नववर्षाच्या स्वागत समारंभात सकाळभर लोकांशी हस्तांदोलन करून त्यांचा हात भरून आला होता. सही थरथरली तर लोक म्हणतील अध्यक्ष कचरले, म्हणून ते थांबले आणि मग सावकाश पूर्ण नाव लिहिलं, असं सांगतात. बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याची ती उद्घोषणा. पण केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअर ही गुलामगिरीची राज्यं बंडात नव्हती, तिथल्या गुलामांना ती लागू नव्हती. युद्धकाळातला सरसेनापतीचा हा हुकूम युद्ध संपल्यावर न्यायालयात टिकेल का, ही धास्ती लिंकन यांना होतीच. म्हणून त्यांनी तेराव्या घटनादुरुस्तीचा पाठपुरावा केला. ती डिसेंबर १८६५मध्ये मंजूर झाली. तोवर त्यांचा खून होऊन गेला होता.

इथं आपल्या जोतीराव फुल्यांची आठवण येते. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या नावे लिहिली. अध्यक्षाच्या नव्हे, लोकांच्या. पुण्यात बसून त्यांना बरोबर कळलं होतं, की सही एकाची असली तरी ती टिकवायला किती जणांना मरावं लागलं.

आता दुसरा कागद. १९ फेब्रुवारी १९४२, क्रमांक ९०६६, सही रूझवेल्ट यांची. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला करून जेमतेम अडीच महिने झाले होते. युद्धमंत्री आणि सेनाधिकाऱ्यांनी हवा तो मुलूख लष्करी क्षेत्र ठरवावा आणि तिथून कुणालाही किंवा सर्वांना बाहेर काढावं, असा अधिकार त्या आदेशानं दिला. मी शब्दांवर पोट नसलं तरी जीव असलेला माणूस. तो आदेश मी दोनदा वाचला. त्यात 'जपानी' हा शब्द कुठंही नाही! आणि त्या आदेशाच्या बळावर पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसं उचलली गेली. त्यांतली दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक होती. हातात मावेल तेवढंच सामान. शेती, दुकानं, बोटी मिळेल त्या भावानं विकलेल्या. मग काटेरी तारांच्या दहा छावण्या.

फ्रेड कोरेमात्सु नावाच्या ओकलंडच्या एका तरुण वेल्डरनं जायला नकार दिला. पकडला गेला, शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४४मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो हरला. सरकारनं न्यायालयापासून पुरावे दडवले होते असं पुढं उघड झालं आणि १९८३मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. अध्यक्ष फोर्ड यांनी १९७६मध्ये, त्याच १९ फेब्रुवारीला, तो आदेश संपल्याचं रीतसर जाहीर केलं. माफी आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर मिळायला मात्र काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदाच करावा लागला, तोही १९८८मध्ये. घर एका सहीनं गेलं. त्याची भरपाई व्हायला ४६ वर्षं आणि दोन सभागृहं लागली.

श्रोतेहो, हा जुना किस्सा मी लांबवला, कारण मला २०१७कडे यायचं होतं. २७ जानेवारी २०१७ला ट्रम्प यांनी क्रमांक १३७६९चा आदेश काढला. इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया, येमेन या सात देशांच्या लोकांना ९० दिवस प्रवेशबंदी. विमानं हवेत असतानाच आदेश लागू झाला. हातात चालू व्हिसा असलेली माणसं विमानतळावर अडकली. त्यांत अमेरिकी सैन्याचा दुभाषा म्हणून काम केलेला एक इराकीही होता. वकील मंडळी विमानतळाच्या फरशीवर मांडी घालून अर्ज लिहीत बसली. ते दृश्य मी दूरचित्रवाणीवर पाहिलं आणि अमेरिकेबद्दल एकाच वेळी राग आणि आदर दोन्ही वाटले. आठवड्याभरात सिएटलच्या एका न्यायाधीशानं आदेश थोपवला. मग मार्चमध्ये दुसरी आवृत्ती आली, सप्टेंबरमध्ये तिसरी.

या आदेशातही 'मुसलमान' हा शब्द नव्हता. पण डिसेंबर २०१५मध्ये निवडणुकीच्या प्रचारात मुसलमानांना संपूर्ण प्रवेशबंदी करण्याची मागणी याच उमेदवारानं जाहीरपणे केली होती. आता कवीनं काय म्हणावं? ओळीत नसलेला शब्द वाचकाला ऐकू येतो, हे आम्हाला धंद्यातून माहीत असतं. न्यायालयातले पाच न्यायमूर्ती मात्र म्हणाले, की मजकुरात धर्माचा भेद दिसत नाही आणि कायद्यानं अध्यक्षाला हा अधिकार दिला आहे. २६ जून २०१८, पाच विरुद्ध चार. आणि त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं, की कोरेमात्सु निकाल ज्या दिवशी दिला गेला त्याच दिवशी घोर चुकीचा होता. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात नेमकं हेच सुनावलं, की जुनी चूक पुरताना तुम्ही तोच तर्क पुन्हा उभा करत आहात. मी सोटोमायोर यांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

जानेवारी २०२१ला बायडेन यांनी पहिल्याच दिवशी ही बंदी उठवली. जून २०२५ला ट्रम्प यांनी नवी काढली. बारा देशांवर पूर्ण बंदी, आणखी सातांवर अंशतः.

ही झुलाझुली फार जुनी आहे. परदेशातल्या ज्या संस्था गर्भपाताची सेवा किंवा माहिती देतात त्यांना अमेरिकेचा कुटुंबनियोजनाचा पैसा द्यायचा नाही, असं धोरण रेगन यांनी १९८४मध्ये आणलं. क्लिंटन यांनी १९९३ला काढलं, धाकट्या बुश यांनी २००१ला घातलं, ओबामांनी २००९ला काढलं, ट्रम्प यांनी २०१७ला घातलं, बायडेन यांनी २०२१ला काढलं, ट्रम्प यांनी २०२५ला पुन्हा घातलं. प्रत्येक वेळी जानेवारी महिना. कुठल्यातरी आफ्रिकी खेड्यातल्या दवाखान्याला आपलं औषधाचं कपाट वॉशिंग्टनच्या जानेवारीवर लावावं लागतं. पॅरिस हवामान कराराचंही तेच. आत, बाहेर, आत, बाहेर.

मग अध्यक्षाला कुणी अडवत नाही का? अडवतात. ओबामांनी २२ जानेवारी २००९ला ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश काढला. काँग्रेसनं कैदी हलवायला पैसाच दिला नाही, आणि तुरुंग राहिला. तिजोरीची चावी सहीच्या हातात नसते. १९५२मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना संप टाळायला ट्रूमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयानं २ जूनला ते सोडायला लावले. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तेव्हा घालून दिलेली मोजपट्टी आजही वापरतात. काँग्रेस पाठीशी असेल तेव्हा अध्यक्षाचं बळ सर्वांत जास्त, ती गप्प असेल तर धूसर, ती विरोधात असेल तर सर्वांत कमी.

आणि पाहा योगायोग. त्याच जून १९५२मध्ये काँग्रेसनं ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून स्थलांतराचा कायदा केला. परक्यांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर अध्यक्षानं तो थांबवावा, असं कलम त्यात आहे. सात देशांची बंदी त्याच कलमावर उभी होती. माझ्या भाच्याला लग्नाच्या मांडवातून उठवणारी उद्घोषणाही त्याच कलमावर. बहिणीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथं सापडलं. ती एका माणसाची सही नव्हतीच; तिच्याखाली सत्तर वर्षांपूर्वीच्या सभागृहाचे हात होते.

२० जानेवारी २०२५ला पहिल्याच दिवशी ट्रम्प यांनी २६ आदेश काढले, काही तर स्टेडियममध्ये, समर्थकांच्या गर्दीसमोर टेबल मांडून. एकाच आदेशानं बायडेन यांचे ७८ आदेश आणि ज्ञापनं पुसली. दुसऱ्या दिवशी, सरकारी कंत्राटदारांनी नोकरीत भेदभाव करू नये असा जॉन्सन यांचा १९६५चा आदेशही गेला. साठ वर्षं कुणी त्याला हात लावून नाहीसा केला नव्हता, म्हणून तो कायदाच आहे असं लोक समजत आले. पहिल्या दिवशीचा आणखी एक आदेश जन्मसिद्ध नागरिकत्वाचा. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर तिथं जन्मलेल्या बाळाला नागरिक मानू नये, असा. एडिसन आणि सॅन होजेतल्या कितीतरी मराठी घरांत तेव्हा पाळणे घ्यायचे चालले होते. सिएटलच्याच दुसऱ्या एका न्यायाधीशानं तीन दिवसांत तो थोपवला. पण जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं, खालच्या न्यायाधीशांनी असे देशभरचे मनाई हुकूम देण्यावरच मर्यादा घातली.

भाच्याचं काय झालं, ते राहिलं.

तो मुंबई विमानतळावर आत गेला होता. रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास व्हाइट हाउसचा खुलासा आला, की ही रक्कम फक्त नव्या अर्जांसाठी आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना लागू नाही. मी जागाच होतो. फोन केला. म्हटलं, "बेटा, परत फीर. गाडी कर, निकाहच्या आधी पोहोचशील."

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, हा खुलासा आहे, हुकूम नाही. उद्या खुलाशाचा खुलासा आला तर?"

तो विमानात बसला. काही अडचण न येता उतरला, सोमवारी कामावर गेला. इकडं निकाह झाला, फोटो निघाले. बहिणीच्या धाकट्या मुलीचंही आता ठरतंय. मुलाकडची मंडळी तारीख मागताहेत. बहीण म्हणते, थांबा, थोरल्याला विचारून सांगते. आणि थोरला म्हणतो, अम्मी, जानेवारी सोडून कुठलीही धर.