सैन्याचे कंत्राट आणि घरची शिल्लक

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला आरोग्य, मुलांचा अभ्यास, फार तर घरखर्चाचे अंदाजपत्रक असे विषय असावेत, ही आपल्याकडची रीत. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘सैन्यासाठी ड्रोन तयार करणाऱ्या कंपन्यांत आपण पैसे गुंतवावेत काय?’ विषय वाचून काही भगिनींना हसू आले असेल. पण चिटणीसबाईंनी तो उगाच दिलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले आणि ड्रोन हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यापाठोपाठ भिशीच्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत, एस. टी.च्या थांब्यावर एकच बोलणे ऐकू येऊ लागले, की आता ड्रोनच्या कंपन्यांना सोन्याचे दिवस आले, त्यांचे शेअर घेऊन ठेवा. ज्या घरात जमिनीच्या मोबदल्याचे किंवा निवृत्तीचे चार पैसे आलेले आहेत, त्या घराला हे बोलणे फार गोड लागते. म्हणून त्याचा नीट विचार करू या.

ड्रोन म्हणजे काय, हे शिरूर-दौंडच्या बायकांना सांगायला नको. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडी आपल्या जिल्ह्यातील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा लोक काठ्या घेऊन जागत होते. पुढे शिरूर तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा त्याच्या शोधासाठी वनखात्याने ड्रोनच उडवले. तेव्हा यंत्र आपल्या ओळखीचे आहे. ओळखीचा नाही तो त्याचा धंदा.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतील भाग. साखर कारखान्याचा भाग आपल्यापैकी अनेकींच्या घरी आहे. पण त्याची किंमत रोज खाली-वर होत नाही. बाजारातल्या शेअरची होते. बँकेतल्या ठेवीवर ठरलेले व्याज मिळते. शेअर घेणारा नफ्याचा वाटेकरी तसाच तोट्याचाही. म्हणून कंपनीचा पैसा कोठून येतो, हे आधी पाहिले पाहिजे.

साबण करणाऱ्या कारखान्याला लाखो गिऱ्हाइके असतात. एकीने साबण बदलला तर त्याचे काही अडत नाही. सैन्यासाठी ड्रोन करणाऱ्या कंपनीला खरे मोठे गिऱ्हाईक एकच, सरकार. सरकार आपली गरज ठरवते, निविदा मागवते. मग अनेक कंपन्या आपापली यंत्रे घेऊन चाचणीला येतात. उंच डोंगरावर, विरळ हवेत, कडाक्याच्या थंडीत यंत्र उडवून दाखवावे लागते. जी चाचणीत उतरतात त्यांच्यातही सामान्यतः ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते. बाकीच्यांनी केलेला खर्च त्यांच्याच अंगावर पडतो. आणि ज्याला काम मिळाले त्यानेही चढाओढीत दर इतका उतरवलेला असतो, की हाती काय उरेल हे शेवटीच कळते. आपल्या बचत गटांनी कधी निविदा भरली असेल, तर हे दुखणे त्यांना ठाऊक आहे.

आता एक खरे उदाहरण घेऊ. मुंबईच्या आय. आय. टी.तून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ नावाची कंपनी काढली. कंपनी आपल्या महाराष्ट्रातली, माणसे हुशार, यंत्र चांगले. जानेवारी २०२१ मध्ये सैन्याने तिला सुमारे दोन कोटी डॉलरचे कंत्राट दिले. २०२३ च्या जूनअखेर तिने आपले शेअर लोकांना विकायला काढले, किंमत ६७२ रुपये. शंभर पटींहून अधिक मागणी आली. ७ जुलै २०२३ रोजी बाजारात पहिला सौदा झाला तो १,३०० रुपयांना! ज्यांना शेअर मिळाले नव्हते त्यांनी त्या दिवशी हळहळत दुप्पट भावाने घेतले.

पुढे काय झाले तेही ऐका. २०२३-२४ या वर्षी कंपनीचे उत्पन्न सुमारे ३१४ कोटी आणि नफा सुमारे ४५ कोटी. त्याच्या पुढच्याच वर्षी उत्पन्न घसरून सुमारे १६१ कोटींवर आले आणि नफ्याच्या जागी सुमारे ६२ कोटींचा तोटा झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो शेअर ६७२ च्याही निम्म्याच्या आसपास आला होता. मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला, तसा पुन्हा वर उसळला. कंपनी तीच, माणसे तीच. जुने कंत्राट पुरे झाले आणि नवे वेळेवर आले नाही, की अशा धंद्याचे असेच होते.

मैत्रिणींनो, मी दौंडची. मुठा कालव्याचे पाणी आमच्याकडे येते. आवर्तन पुढे-मागे होते, त्यावरून भांडणेही होतात. पण पाणी येणार हे माहीत असते, म्हणून आमचा शेतकरी ऊस लावतो. तुमच्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईकडचा शेतकरी आभाळाकडे पाहून पेरतो. एक वर्ष भरभरून पिकते, दोन वर्षे कोरडी जातात. तो शहाणा असतो, म्हणून पिकल्या वर्षीचे धान्य पाहून मुलीच्या लग्नाचा खर्च ठरवत नाही. सैन्याच्या कंत्राटावर जगणारी कंपनी ही अशी कोरडवाहू जमीन आहे. जमीन वाईट नव्हे. पण तिला कालव्याच्या जमिनीचा भाव देऊ नये.

काही कंपन्यांना दोन्ही पाणी असते. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाने ‘नागास्त्र’ नावाचा, लक्ष्यावर जाऊन आदळणारा ड्रोन तयार केला. सैन्याने ४८० मागवले आणि जून २०२४ मध्ये १२० पोहोचले. पण त्या समूहाचा जुना आणि मोठा धंदा खाणींना लागणाऱ्या स्फोटकांचा आहे. ड्रोनचे कंत्राट लांबले तरी त्याची चूल पेटती राहते. म्हणजे ‘ड्रोनची कंपनी’ असे नाव ऐकून सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

हाती आलेले कंत्राटही हातात राहीलच असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे २३० कोटींची, ४०० ड्रोनची कंत्राटे सरकारने रद्द केली, कारण यंत्रांत चिनी बनावटीचे भाग असल्याचे आढळले. सरकारचे काही चुकले नाही. शत्रूला आत शिरायला वाट ठेवणारे यंत्र जवानाच्या हाती कसे द्यावे? पण कागदावर ‘कंत्राट मिळाले’ एवढे वाचून ज्याने पैसे लावले, त्याने काय करावे?

आणि काही ठिकाणी मूळ कागदच तपासायला हवा असतो. पुण्याच्या ‘द्रोणाचार्य एरियल इनोव्हेशन्स’ या कंपनीचा ५४ रुपयांचा शेअर डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्याच दिवशी १०२ रुपयांवर उघडला. ती ड्रोन चालवण्याचे शिक्षण व सेवा देणारी कंपनी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने, लोकांकडून घेतलेल्या पैशाच्या वापराबद्दल ठपका ठेवून कंपनीला व तिच्या प्रवर्तकांना दोन वर्षे बाजारातून दूर राहण्याचा आदेश दिला. ‘पुण्याचीच आहे, आपली आहे’ ही काही तपासणी नव्हे.

तेव्हा मी कोणता शेअर घ्या किंवा घेऊ नका, हे सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. मी चार प्रश्न सांगते; ते वहीत लिहून ठेवा. पहिला, या कंपनीला सैन्याखेरीज दुसरे कोणते गिऱ्हाईक आहे? दुसरा, हातातली कंत्राटे किती महिन्यांची आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत नफा दरवर्षी झाला की एकदाच? तिसरा, यंत्राचे भाग येथे होतात की बाहेरून येतात? चौथा, आजच्या भावात पुढच्या दहा वर्षांचे सुख आधीच मोजून घेतले आहे काय? ही माहिती कंपनीच्या वार्षिक अहवालात असते. अहवाल इंग्रजीत असतो हे खरे. पण आपल्या घरात महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, त्यांना वाचायला बसवा.

आणि पथ्ये दोनच. दागिने गहाण ठेवून किंवा मुलांच्या फीचे पैसे काढून शेअर घ्यायचे नाहीत. पाच वर्षे लागणार नाहीत एवढीच रक्कम, तीही शिलकीतला लहानसा हिस्सा. दुसरे, पैसा कोणा ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचा नाही. खाते आपल्या नावाचे आणि त्याचा सांकेतिक शब्द आपल्यालाच माहीत असला पाहिजे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवगावकडे, शेअर बाजाराच्या नावाने दरमहा भरमसाट परताव्याचे आमिष दाखवणारे लोक २०२४ मध्ये पैसे घेऊन परागंदा झाले. तेथील घरे आपल्यासारखीच होती.

शेवटी मनातली एक गोष्ट बोलते. आपल्या दोन्ही तालुक्यांतली मुले सैन्यात आहेत. आज या सभेतही त्यांच्या आया, बायका बसल्या आहेत. पलीकडच्या टेकडीमागे काय आहे हे जवानाने स्वतः जाऊन पाहण्याऐवजी यंत्राने पाहावे, यात पुण्यच आहे, आणि असे यंत्र करणाऱ्या उद्योगाला भांडवल देणे मला गैर वाटत नाही. पण सीमेवर गोळी सुटली की या शेअरचा भाव चढतो, हेही आपण पाहिले. सकाळी वर्तमानपत्र उघडताना शेजारणीच्या मुलाची काळजी वाटण्याआधी आपल्या शेअरचा भाव आठवू लागला, तर त्या दिवशी तो शेअर विकून टाकावा, मग नफा असो वा तोटा. पैसा वाढावा, पण त्याने आपले मन असे बदलून टाकू नये.

मंडळाने दर महिन्याच्या सभेत अर्धा तास अशा कागदांच्या वाचनासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. एकटीला जे कळत नाही ते दहाजणींना मिळून कळते. मंडळ स्थापन झाले ते याच विश्वासावर.