दिल्लीची हवा आणि ऋतुचक्र
(मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना येथील थंडीचे प्रथम मोठे कौतुक वाटते. पुढे मात्र कार्तिक लागला की घरोघर खोकला ऐकू येऊ लागतो. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु ज्या हवेत आमची मुलेबाळे वाढतात, तिचे शास्त्र थोडेफार जाणून घेणे आमचे कर्तव्यच आहे.

वाहनांचा धूर आणि कारखान्यांची धुराडी बाराही महिने चालूच असतात. मग श्रावणात निवळलेली हवा कार्तिकात विषारी का व्हावी? उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरील हवा दुपारी उंच चढते आणि धूर दोन-तीन किलोमीटरपर्यंत पसरून विरळ होतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार हवेचे जणू झाकण बसते. धूर काहीशे मीटरांतच कोंडतो. वारा पडलेला, पाऊस नाही. त्यातच ऑक्टोबर-नोव्हेंबरात वायव्येचे वारे पंजाब-हरियाणातील जळत्या पराळीचा धूर घेऊन येतात. मुंबईला खाऱ्या वाऱ्याचा आधार असतो. दिल्लीला तोही नाही.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनमध्ये असेच झाकण बसले. कोळशाच्या धुराने हजारो माणसे दगावली. ब्रिटिश पार्लमेंटने १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला. वारा कायद्याने वाहत नाही. कोळसा मात्र कायद्याने आवरता येतो. हवामान धूर निर्माण करीत नाही, ते केवळ साठवून ठेवते. म्हणून सारा दोष ऋतूच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. आपला गणेशोत्सव पावसाने धुतलेल्या हवेत पार पडतो. दिवाळी पहाट मात्र आपण उघड्या मैदानात, झाकण अगदी खाली आलेले असताना आणि आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर कोंडलेला असताना साजरी करतो. तेथे सर्वांत पुढच्या रांगेत आपले वृद्ध आणि दमेकरी बसलेले असतात. अभ्यंगस्नान पहाटेच व्हावे. गाणे मात्र ऊन वर आल्यावर, दुपारी व्हावे, अशी आमची नम्र सूचना आहे. नाव बदलावे लागेल, काहींना ते रुचणार नाही. परंतु परंपरा माणसांसाठी असते, आणि ती माणसे पुढील दिवाळीलाही आपल्यात असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.