चुन्याची निवळी आणि एक शेरा

(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवात हिऱ्याचे गुणगान ओघानेच येते. तथापि रसायनशास्त्राच्या दृष्टीने हिरा आणि पेन्सिलीतील ग्रॅफाइट ही एकाच कार्बनची रूपे. तेव्हा फार मिरवण्यात अर्थ नाही. मी पडले मराठीची एम. ए. शाळेत असताना रासायनिक समीकरणाच्या दोन्ही बाजू माझ्या हातून कधी समान झाल्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून नववीच्या मुलांना घेऊन मीच प्रयोगशाळेत गेले. प्रयोग सोपा होता. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचे. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते. तशी ती झाली. ‘‘थांबा, वहीत लिहा,’’ मी फर्मावले.

सगळे थांबले. कोपऱ्यातील एक मुलगी मात्र फुंकतच राहिली. आईच्या तेलुगूत वाढलेली ही मुलगी वडिलांच्या मराठीच्या हौसेपायी तेलुगू माध्यमातून नुकतीच आमच्याकडे आली होती. वर्गात तिने चकार शब्द काढला नव्हता. तिच्या प्रगतिपुस्तकात मी स्वहस्ते शेरा लिहिला होता : ‘वर्गात निष्क्रिय.’

पाहता पाहता तिच्या परीक्षानळीतील दुधाचे पुन्हा पाणी झाले.

‘‘अगं, बिघडवलंस ना सगळं!’’

‘‘नाही बिघडलं, बाई,’’ ती चाचरत म्हणाली. ‘‘वायू अजून गेला, म्हणून विरघळलं.’’

तिचे बरोबर होते. दुधाळपणा आणणारे कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही. जादा वायू मिळाला की त्याचे विरघळणारे बायकार्बोनेट होते. हे मला दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी समजावले. शेऱ्याची हकिगत ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘झेनॉन वायूलाही सारे निष्क्रियच म्हणत. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी त्याचे संयुग तयार केले, तेव्हा पुस्तके बदलावी लागली.’’

झेनॉन हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘परका’. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्या आपल्या शाळेला तरी हा शब्द उमगायला हवा होता.

तो शेरा मी खोडला. शाईचा डाग मात्र राहिला. तो कोणत्या द्रावणाने जातो, हे उपस्थित रसायनतज्ज्ञ माजी विद्यार्थ्यांनी कृपया सांगावे.